रस्त्याकडची बाजू

तारागोना, २५ एप्रिल १९८३

ओलेगेर,

हातातलं काम खाली ठेव आणि आधी बस. माझं पत्र आलं की तू पहिल्यांदा त्यात कोण गेलं ते शोधतोस, मला माहीत आहे. कुणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, मी ठणठणीत आहे, माझा नवरा किम अजून सनई वाजवतो आणि अजून बेसूर वाजवतो. बातमी वेगळीच आहे, आणि ती कधी एकदा सांगते असं झालंय, म्हणून अक्षर असं धावतंय.

मेर्सेरिया रस्त्यामागचं तेलाचं गोदाम नगरपालिकेनं घेतलं! हो, तेच. तुम्ही बापलेकांनी ज्याचं छत बांधलंत तेच. आणि घेऊन कुणाला देणार आहेत? आपल्या वरच्या पेठेच्या पथकाला! माणसांच्या मनोऱ्यांच्या सरावासाठी! खाली कपडे, ढोल, सनया ठेवायच्या आणि वर गच्चीवर उघड्या आकाशाखाली थर लावायचे. एका अंगाला रोमन तटाची भिंत, दुसऱ्या अंगाला रस्ता, समोर समुद्र. आजवर आम्ही मासळीबाजारामागच्या चढावर सराव करत होतो. तिथे पायाला उभा राहिलेला माणूस आधीच तिरका असायचा, मग वरचे सरळ कुठून राहणार?

बातमीला एक शेपूट आहे. नगरपालिकेच्या वास्तुकार बाई छत बघायला आल्या. मिरेया बोफारुल नाव, वय असेल तिशीचं. त्यांनी खालून छताच्या कमानीकडे पाहिलं, जिन्याच्या तोंडाशी विटांची जाडी दिसते तिथे बोटं लावून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढ्याशा जाडीवर तुम्ही माणसं नाचवणार?" आमचा सिस्को म्हणाला, "बाई, आजोबांच्या काळापासून ह्या गावात माणसं असल्याच छपरांवर नाचताहेत." बाई म्हणाल्या, "नाचोत. पण मला सही करायचीय." तर आता छताची परीक्षा होणार. वजन टाकून बघायचं. टिकलं तर पथकाला मिळेल, नाही टिकलं तर सगळं छत पाडून काँक्रीट.

आणि वजन सगळीकडे सारखं टाकायचं नाही. आधी एका बाजूवर, मग दुसऱ्या. बाईंचं म्हणणं असं की दोन्हीकडून सारखी दाबली तर कुठलीही कमान शहाण्यासारखी वागते. एकाच अंगाला दाबली की खरी कळते.

"एका बाजूवर" म्हटल्याबरोबर गोदामात सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या. रस्त्याकडची बाजू तुझी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबांनी भिंतीकडून सुरुवात केली होती, तू रस्त्याकडून, आणि मध्यावर दोघं भेटलात. त्यानंतर बाबा सगळ्या गड्यांसमोर जे बोलले ते गावानं अजून जपून ठेवलंय. "ह्या बाजूवर मी कधी पाय ठेवणार नाही." तू देश सोडून गेलास, आणि त्यांनी ठेवला नाही. आणि व्हेंतुरा मेस्त्री ठेवत नाहीत म्हटल्यावर दुसरं कोण ठेवतंय! एकवीस वर्षं कपड्यांच्या दोऱ्या भिंतीकडे, खुर्च्या भिंतीकडे. तुझ्या बाजूवर फक्त मांजरं झोपतात.

मी तुला ये वगैरे म्हणत नाहीये. तुझ्या कानावर घातलं, बस.

रोसेर


१५ मे

ओलेगेर,

तुझं उत्तर नाही. अर्थात टपालाला वेळ लागतो, आणि तू उत्तर देणाऱ्यातला नाहीसच. दर सांता तेक्लाच्या सणाला एक कार्ड: "बरा आहे." तुझी सगळी कार्डं मी दुकानात, सुक्या माशांच्या तराजूशेजारी खोचून ठेवलीत. गिऱ्हाइकं विचारतात, भाऊ कवी आहे का?

इकडे मजा चाललीये. परीक्षेसाठी मिरेयाबाईंना वाळूची पोती हवी होती. पण गोदामाचा जिना तुला आठवतो ना, भिंतीकडच्या कोपऱ्यातला, एक माणूस चढला तर दुसऱ्याला पोट आत घ्यावं लागतं. सिस्कोनं कपाळाला हात लावला. सिस्को आता पथकाचा म्होरक्या आहे, माहीत आहे का? तोच सिस्को, ज्याच्या गाढवगाडीतून तू नदीची वाळू आणायचास. आता गाढव गेलं, टेम्पो आला. डोकं तेच आहे.

मी मागे उभी होते. म्हटलं, "पोती कशाला? आम्ही आहोत की!"

"कोण आम्ही?" बाई म्हणाल्या.

"आख्खं पथक. मनोऱ्याच्या पायाला जशी गच्च माणसं उभी राहतात तसे उभे राहतो. पोत्यांपेक्षा जड आहोत, आणि आपल्या पायानं चढतो."

सिस्को माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "काहीजण तर दोन-दोन पोत्यांच्या आहेत." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण बाई हसल्या! पहिल्यांदा! आणि हसल्यावर कळलं की त्या रेउसच्या आहेत, आपल्या शेजारच्या वैऱ्यांच्या गावच्या. मग काय, सिस्कोला रान मोकळं. "बाई, रेउसला समुद्र नाही म्हणून तुम्ही इकडे आलात ना?" बाई म्हणाल्या, "समुद्र नाही, पण आमची घरं बघायला लोक लांबून येतात. तुमची बघायला यायचं तर आधी दोन हजार वर्षं मागं जावं लागतं." आख्खं पथक ओरडलं. मला ती पोरगी तेव्हाच आवडली.

हो, मीही पथकात आहे. सांगायचं राहिलंच. ह्या वर्षापासून बायकांना घेतात. मी पायाच्या दुसऱ्या रांगेत उभी राहते, हात पुढच्याच्या पाठीवर, डोकं खाली. बाबा म्हणाले, "आता मासे कोण विकणार, सनईवाला?"

बाबांना मी जेवताना विचारलं, "परीक्षेला येणार ना?"

"येईन. भिंतीकडे बसेन."

"आणि रस्त्याकडची बाजू पडली तर?"

"पडेलच. नदीचा चिखल आहे तो."

झालं, पुन्हा तेच सुरू. त्यांच्या बापानं मिराक्लेच्या किनाऱ्यावरची वाळू वापरली, त्याच्या बापानं वापरली, ह्या गावचं अर्धं वरचं गाव त्याच वाळूवर उभं आहे आणि एक दिवस बावीस वर्षांचं पोरगं येतं आणि म्हणतं की समुद्राची वाळू नको, त्यात मीठ असतं! "माझ्या बापाला मीठ कळत नव्हतं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सूप वाढता वाढता त्यांच्याबरोबर म्हणू शकते. सूप थोडं टेबलावर सांडलं. टेबल डगमगतं आमचं.

परीक्षा पाच जूनला, रविवारी. बायबलावर हात ठेवून सांगते, मला झोप लागत नाही. पण ही भीती नाही, आनंदानं झोप न लागणं आहे.

रोसेर


५ जून, रविवार, संध्याकाळ

ओलेगेर! ओलेगेर!

तुझी बाजू उभी आहे!

मी हे गोदामासमोरच्या पायरीवर बसून लिहितेय, कागद त्रिनीच्या बेकरीचा आहे, तेलाचे डाग तिचे. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील हिनं नेहमीसारखं शेपटीकडून सुरू केलं.

सकाळी मिरेयाबाईंनी छताला खालून जागोजागी प्लास्टरच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. छत जराही हललं तर पट्टी तडकणार. खाली कुणीही थांबायचं नाही, बाई स्वतः जिन्यात उभ्या राहून टॉर्च मारून बघणार. मग आम्ही एकेक करून वर चढलो. सगळे पांढऱ्या विजारी, निळे सदरे, कमरेला तांबडा पट्टा गुंडाळून, जणू सणच आहे. बाबा आधीच येऊन बसले होते. भिंतीकडे, रोमन दगडांना टेकून, घरची खुर्ची आणली होती. हाताची घडी. त्यांच्या बाजूला ते एकटे आणि मध्ये मोकळी गच्ची.

सिस्कोनं आवाज दिला, "चला, रस्त्याकडे!"

कुणी हलेना. हसू नकोस, आम्ही सगळे इथलेच, लहानपणापासून "तिकडे जाऊ नको" ऐकत आलेले. मग मीच गेले. माझ्या भावाचं छत आहे, मी नाही जायचं तर कोणी? पाय ठेवला. काही झालं नाही. उडी मारली. त्रिनी किंचाळली. मी म्हटलं, "या गं, मऊ नाहीये!" मग सगळे आले आणि गच्च उभे राहिले, पोट पाठीला, पाठ पोटाला, जसा पाया बांधतात तसा. मला समोर सिस्कोचा पट्टा आणि खाली तुझ्या लाल विटा, एवढंच दिसत होतं.

जिन्यातून बाई ओरडल्या, "पट्ट्या शाबूत! थांबा तसेच!"

तसेच थांबायचं म्हणजे काय ते पथकाला माहीत नाही. पाया बांधून झाला आणि वर काहीच नाही, हे कुणाला सहन होईना. सिस्को म्हणाला, "उभे आहोतच, तर एकावर एक चढून एक खांब लावून टाकू." आणि लागले! माझ्या खांद्यावरून एक पाय गेला, मग दुसरा, मग छोटा पाय. डोकं वर करायचं नसतं, तू विसरला नसशील. वर काय चाललंय ते पायातल्या माणसाला सनईवरूनच कळतं. किमची सनई लागली म्हणजे खांब उभा राहिला. मी विटांकडे बघत कान लावून होते.

"अहो वजन म्हणाले होते मी! सर्कस नाही!" बाईंचा आवाज.

"रेउसला ह्याला सर्कस म्हणतात?" सिस्को माझ्यापुढून, धापा टाकत.

आणि मग सनईची चाल बदलली. त्रिनीच्या धाकटीनं टोकावर हात उंचावला होता, खांब पुरा झाला होता. ओलेगेर, मी रडले. मान खाली, हात दुसऱ्याच्या पाठीवर, नाक पुसायला हात मोकळा नाही, आणि मी तुझ्या विटांवर टपटपा रडले. खांब उतरला. बाई वर आल्या, घामाघूम, म्हणाल्या, "एकही पट्टी तडकली नाही. एकही नाही." जो आरडाओरडा झाला तो खाली बंदरातल्या सेर्राल्योपर्यंत गेला असणार.

मी बाबांकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते.

मग दुसरा भाग. आता भिंतीकडची बाजू. ही तर नुसती औपचारिकता होती, लोक गप्पा मारत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत निघाले. बाबांनी खुर्ची सरकवून जागा करून दिली, घरी आलेल्या पाहुण्यांना द्यावी तशी. निम्मे लोक तिकडे पोचले असतील, तेवढ्यात आवाज आला.

मोठा नव्हता. सुक्या माशाचा काटा मोडावा तेवढाच. टक.

"थांबा!" बाई जिन्यातून. "पट्टी गेली! परत रस्त्याकडे या सगळे! सावकाश! जिन्याकडे कुणी येऊ नका!" आणि खाली प्लास्टरचा एक पोपडा पडल्याचा आवाज आला.

सिस्कोनं शांत आवाजात, मनोरा उतरवताना देतो तसे हुकूम दिले. टोकाचे आधी, घाई नाही, हात सोडू नका. जिना त्या बाजूला, म्हणून खाली जायला वाट नाही. आख्खं पथक तुझ्या बाजूवर येऊन उभं राहिलं, आणि पलीकडे बाबा एकटे, खुर्चीवर.

"मेस्त्री, या इकडे!"

"मी बरा आहे इथे."

"मेस्त्री, छत तडकतंय!"

"हे माझं छत आहे."

मी ओरडले, "बाबा, उठा!" ते माझ्याकडेही बघेनात. मला वाटलं आता मीच जाऊन खेचून आणते, तर सिस्कोनं माझा पट्टा धरून ठेवला. त्याचं बरोबर होतं, तिथे आणखी वजन नको होतं.

मग बाबा उठले. खुर्ची उचलली, काखेत घेतली. चालत चालत मध्यापर्यंत आले, जिथे तुमच्या दोघांच्या विटा भेटतात, आणि तिथे थांबले. खाली बघितलं. तुझी बाजू आणि त्यांची बाजू अजूनही ओळखू येते, तुझे सांधे बारीक आहेत. मग पाय ठेवला, ओलेगेर. आधी डावा.

खुर्ची मांडली आणि आमच्यामध्ये बसले. नंतर कुणीतरी सिस्कोचा टेम्पो काढून लाकडी खांब आणि टेकू घेऊन येईपर्यंत, आणि बाईंनी खालून भिंतीकडची बाजू टेकूंवर घेईपर्यंत आम्ही सगळे तुझ्याच बाजूवर अडकून होतो. रस्त्यावरच्या बायकांनी दोरीला टोपली बांधून भाजलेल्या मिरच्या घातलेली कोका-रोटी पाठवली, वाईन पाठवली, आणि किमनं उरलेला श्वास सनईत घातला. ज्या बाजूवर एकवीस वर्षं मांजरं झोपली, त्या बाजूवर आख्ख्या पेठेनं जेवण केलं!

तुझी बहीण, जी पहिली चढली होती,
रोसेर


११ जून

ओलेगेर,

आता ऐक, कारण हे पत्र जास्त महत्त्वाचं आहे.

मिरेयाबाईंनी भिंतीकडच्या बाजूचा सांधा खालून खरवडून पाहिला. चुन्यातून पांढरं पीठ बाहेर येत होतं. त्या म्हणाल्या, "क्षार वाटतोय." मी सवयीनं बोट लावलं आणि चाटलं. सुक्या माशांच्या दुकानात जन्म गेल्यावर दुसरं काय करणार! मीठ. सरळ मीठ. बाई ओरडल्या, "अहो, काय करताय!" आणि मग त्यांनीही बोट लावून चाटलं.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "इकडे दे." मी त्यांच्या तळहातावर तो चुना ठेवला. त्यांनी जिभेला लावला, तसाच ठेवला, आणि म्हणाले, "खारट आहे." टोपी घातली आणि घरी गेले. त्या दिवसापासून घरात मिराक्लेच्या वाळूचं नाव निघालेलं नाही. मला वाटायचं हे ऐकायला मला मजा येईल. आली नाही रे.

आता परिस्थिती अशी. भिंतीकडची बाजू उतरवून पुन्हा बांधली, तशीच पातळ विटांची, खाली साचा न लावता, तर बाई सही करायला तयार आहेत. नव्हे, त्यांना ती बांधताना बघायची आहे. कागद सप्टेंबरातल्या सांता तेक्लापर्यंत त्या धरून ठेवतील, सणानंतर नाही. तोवर झालं नाही तर सगळं पाडणार. सगळं म्हणजे तुझी बाजूसुद्धा. निम्मी कमान उभी राहत नाही.

बांधणार कोण? ज्यांना येत होतं ते एकतर स्मशानात आहेत नाहीतर सालूला हॉटेलांचं काँक्रीट ओततायत. आणि बाबा... मी तुला ठणठणीत म्हणून लिहिलं ते विसर. टेबल डगमगत नाही. त्यांचे हात थरथरतात. चमचा धरता येत नाही, थापी कुठून धरतील? डोकं लख्ख आहे, तोंड तर त्याहून, पण हात गेले.

म्हणून आता म्हणते, आधी म्हटलं नव्हतं. ये.

रोसेर


२४ जुलै

ओलेगेर,

तुझं पत्र आलं! कार्ड नाही, पत्र, आणि तेही दोन पानी! मी ते तराजूत ठेवून वजन केलं, एवढी खूष झाले. मग वाचलं आणि खुषी निम्मी झाली.

तू लिहितोस की अर्जेंटिनात, रोसारिओला येऊन इतकी वर्षं तू बिस्किटांच्या कारखान्यात पीठ मळतोस, विटेला हात लावलेला नाहीस, आणि लावायची इच्छाही नाही. ठीक. मग लिहितोस, "मला तू बोलावतेस की ते?" हा खरा प्रश्न आहे, आणि मी खोटं बोलणार नाही. मी बोलावते. त्यांनी तोंडातून तुझं नाव काढलेलं नाही.

पण ते काय करतात ते सांगते, मग तू ठरव.

ते मीठ चाखल्यानंतर पंधरा-एक दिवस ते घरात बसून होते. मग एका सकाळी सिस्कोच्या टेम्पोत जाऊन बसले. "कुठे, मेस्त्री?" "नदीवर." फ्रांकोलीच्या पात्रात उतरून त्यांनी वाळू भरून घेतली. स्वतः निवडली, सिस्कोला फक्त फावडं मारू दिलं. मग रोज. ती वाळू आता गोदामाच्या गच्चीवर आहे, तुझ्या बाजूला. ते सकाळी खुर्ची घेऊन जातात, बादलीत वाळू घेतात, पाणी घालतात, ढवळतात, पाणी ओततात, पुन्हा घालतात. नदीची वाळू, तिला कशाला धुवायची? मी विचारलं, तर म्हणाले, "तू मासे किती पाण्यातून काढतेस?" म्हटलं, "तीन." म्हणाले, "मग?" धुऊन झाली की चिमूट जिभेवर ठेवतात. मग चादरीवर पसरतात. हात थरथरतात म्हणून निम्मी बाहेर सांडते, ती पुन्हा गोळा करतात.

रोज बघणारे येतात. मिरेयाबाईही येतात, शेजारी वही न उघडता बसतात. बाबा त्यांना म्हणतात, "रेउसवाले, तुम्हाला कधी वाळू तरी दिसते का?" आणि तिला विटा कशा चिकटवत जायच्या ते हवेत हातानं दाखवतात. तिला दाखवताना त्यांचे हात कमी थरथरतात, किंवा मला तसं वाटतं.

काल मी सरळ विचारलं. "बाबा, ही वाळू कुणासाठी?"

"वाळू आहे. पडून राहिली तर काय नासते का?"

"मी त्याला लिहिणार आहे. काय लिहू?"

बराच वेळ चाळण हलवत राहिले. मग म्हणाले, "लिही, वाळू नदीची आहे."

"आणि?"

"आणि काय? एवढ्यावर त्याला कळलं नाही तर तो मेस्त्री कसला!"

ओलेगेर, त्यांनी तुला मेस्त्री म्हटलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी हा शब्द स्वतःच्या बापाशिवाय कुणाला लावलेला मी ऐकला नव्हता.

एक सांगायचं राहिलं. तू येणार आहेस असं मी बाजारात सगळ्यांना सांगून टाकलंय. जूनमध्येच. आता तुला आलंच पाहिजे, नाहीतर मला दुकान बंद करून सालूला जावं लागेल, आणि तिथे मी फार दिवस टिकणार नाही.

रोसेर


२० ऑगस्ट

ओलेगेर,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. परवा बार्सिलोनाच्या विमानतळावर तुझ्या हातात देईन, कारण तुला बघितल्यावर मला बोलता येणार नाही आणि किमला येतं ते सनईतून.

तुझी तार आली तेव्हा मी एका बाईला मासा तोडून देत होते. पोस्टमननं काऊंटरवर ठेवली. "चुना भिजत घाला. बावीसला येतो." मी मासा, सुरी, बाई सगळं तिथेच टाकून पळाले. मेर्सेरियाचा चढ मी पोरगी असताना असा चढले असेन. गच्चीवर बाबा होते, वाळूच्या ढिगाजवळ. तार हातात दिली. त्यांनी चष्मा शोधला, वाचली, पुन्हा वाचली.

"एकवीस वर्षांनी ह्यानं तोंड उघडलं," म्हणाले, "ते मला चुना शिकवायला!"

मग मान फिरवली आणि रडले, ओलेगेर. मोठ्यानं. मी त्यांना आईच्या वेळीही असं रडताना बघितलं नव्हतं. मी जवळ बसले. मग ते नाक पुसून म्हणाले, "चुना मी जुलैपासूनच भिजवलाय. त्याला सांगू नको." म्हणून सांगतेय.

काल सांत माजीचा सण झाला. डोंगरातून गाड्यांवर ते दुखण्यांना गुण देणारं पाणी आलं, सगळी पेठ भांडी घेऊन रांगेत. बाबांनीही एक घागर घेतली. त्रिनी म्हणाली, "मेस्त्री, हातांसाठी ना? हातांना लावा, बरं वाटेल." बाबा म्हणाले, "हातांना आता काय करायचंय!" आणि घागर नेऊन चुन्याच्या हौदात ओतली. पाद्रीबाबा बघत होते.

सगळं तयार आहे. भिंतीकडची बाजू उतरवली, जिन्यापासून तुझ्या बाजूपर्यंत फळ्या टाकल्या, विटा साफ करून रचल्या, तुझी बाजू टेकूंवर वाट बघतेय. मिरेयाबाईंनी सुट्टी घेतलीये आणि कुठूनतरी मळका झगा पैदा केलाय, त्या तुझ्या हाताखाली काम करणार आहेत, त्यांना नाही म्हणू नकोस. सिस्कोनं सांता तेक्लाला त्या गच्चीवर लावायचा मनोरा आत्ताच ठरवून टाकलाय. सात थर. ही बातमी बाईंना अजून दिलेली नाही.

आता दोन सूचना. घरी रोमेस्कोची चटणी आणि मासा केलाय. मीठ कमी असेल तर गप्प खा, बाबांसमोर हा शब्द काढू नकोस, निदान पहिल्या दिवशी. आणि पोचलास की बाबांना घरात शोधू नकोस. ते विमानतळावर येणार नाहीत, दारातही नसतील. मी विचारलं, म्हणाले, "मी कशाला जाऊ, त्याला वाट माहीत आहे."

बॅग पायरीवर टाक आणि सरळ गच्चीवर जा. ते तुझ्या बाजूला बसलेले असतील. दोन खुर्च्या घेऊन.

रोसेर